जेरेमीचं रामबुतान

क्रॉयडन
१० ऑक्टोबर २००४

ती. सिमाताईस,
शालोम. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. कानाचं मशीन अजून ड्रॉवरमध्येच ठेवलंयस, हे वाचून कपाळावर हात मारला. निदान त्या निमित्ताने आपला पत्रव्यवहार तरी चालू आहे, नाहीतर फोनवर मी ओरडत बसलो असतो आणि शेजारीपाजारी गोळा झाले असते.

बातमी चांगली नाही. जेरेमीच्या रक्ताचा आजार उलटला. ब्रॅकनेलच्या ऑफिसातून त्याने रजा घेतली आहे आणि गेल्या सोमवारपासून तो हॉस्पिटलात आहे. औषधं पुन्हा पहिल्यापासून चालू. मी रोज ट्रामने जातो. गेलो की तब्येतीचं मी विचारायच्या आधी पोरगाच त्याच्या झाडाचं विचारतो.

तू मागे आली होतीस तेव्हा घरामागच्या काचेच्या खोलीत मोठ्या कुंडीतलं रामबुतान पाहिलं होतंस ना, लिचीसारखी केसाळ लाल फळं धरणारं, तेच. मलेशियाला कामासाठी गेला होता तिथून बी आणलं आणि या गारठ्यात हीटर लावून वाढवलं. आता ते माझ्या खांद्याला लागतं. जेरेमी म्हणतो, येत्या उन्हाळ्यात बहुतेक मोहर धरेल. त्याने मला सगळं बजावून सांगितलं आहे. इथल्या नळाच्या पाण्यात चुना फार, म्हणून पिंपातलं पावसाचं पाणीच घालायचं. पानांवर सकाळी फवारा मारायचा. खत अगदी पातळ करून, तेही उन्हाळ्यात. थंडीत काही द्यायचं नाही.

मी एलियाहू हन्नबीला मलिद्याचा नवस बोललो आहे. पोरगा बरा होऊन घरी आला की गोड पोह्यांचं ताट मांडायचं, आणि त्यातल्या फळांत त्याच्या झाडाचं फळ ठेवायचं. वेडेपणा म्हण हवा तर. पण मला दुसरं काय करता येतं?

सगळ्यांना आठवण सांग. मोठेपणाने रागवत राहा, तेवढंच बरं वाटतं.

तुझा,
एफ्राईम


मँचेस्टर
१९ ऑक्टोबर २००४

चि. एफ्राईमास,
शालोम व अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. जेरेमीसाठी मी रोज दुवा मागते. तू जेवतोस का ते आधी कळव. नुसत्या टोस्टवर दिवस काढायची तुझी खोड मला ठाऊक आहे.

झाडाचं म्हणशील तर, जन्मभर रेल्वेच्या ऑफिसात बसलेल्या माणसाच्या हाती झाड आलंय म्हणजे त्या झाडाचीच काळजी वाटते! अरे, तू रेवदंड्याच्या वाडीतला ना? बाबा नारळाच्या आळ्यात मीठ घालायचे ते विसरलास? मिठाशिवाय माड धरत नाही म्हणायचे. शेजारच्या वाडीतले नारळ बोंडं असतानाच गळायचे आणि आपल्या माडांना घडच्या घड लागायचे. हे रामबुतानही समुद्राकडच्या गरम मुलखातलंच. त्यालाही तेच लागत असणार. थोडं जाडं मीठ मातीत मिसळून बघ. मीठ म्हणजे काही खत नव्हे, त्यामुळे जेरेमीचा शब्दही मोडत नाही.

मलिद्याला मी येणार. पोहे माझ्याच हातचे हवेत, तू चिखल करतोस.

जिवाला जप. पत्राला उशीर केलास तर मीच येऊन उभी राहीन.

तुझी,
सिमाताई


क्रॉयडन
२३ जानेवारी २००५

ती. सिमाताईस,
शालोम. सा. न. वि. वि.

उशीर झाला, माफ कर. लिहावंसं काही घडतच नव्हतं.

तू सांगितलंस तसं मीठ घातलं. पहिले काही दिवस झाड छान होतं, मग पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या. मला वाटलं कमी पडलं, म्हणून डिसेंबरात हनुक्काच्या सणाच्या सुमारास आणखी घातलं. त्यानंतर कडा कुरकुरीत झाल्या आणि पानं गळायला लागली. हीटर वाढवून पाहिला, फवारा दोनदा मारला, काही उपयोग नाही. आता नुसत्या काड्या उभ्या आहेत. यंदाची थंडीच वाईट.

ताई, त्याहून वाईट सांगायचं आहे. डॉक्टरांनी औषधं थांबवली. मोठ्या डॉक्टरीणबाई फार चांगल्या आहेत, माझा हात धरून म्हणाल्या की आता त्याला घरी न्या आणि त्रास होणार नाही एवढं बघा. मी मान हलवली आणि बाहेर येऊन ट्रामच्या स्टॉपवर रडलो.

परवा त्याला घरी आणलं. वरच्या खोलीत ठेवला आहे. खाली काचेच्या खोलीत गारठा फार, तुला सोसणार नाही, असं सांगून त्याला जिना उतरू देत नाही. झाड कसं आहे विचारलं तर नवी पालवी आली म्हणून सांगतो. पालवीचा रंगसुद्धा सांगितला. एवढं खोटं मी जन्मात बोललो नव्हतो. मलिद्याचं मनातूनच काढून टाकलं आहे. पण झाड तरी जगायला हवं होतं गं. त्याच्यामागे मी कशाकडे बघू?

आणखी थोडं मीठ घालून पाहावं असं मनात येतं. काय करू ते लवकर कळव.

तुझा,
एफ्राईम


क्रॉयडन
१३ फेब्रुवारी २००५

प्रिय सिमाआत्या,
शालोम.

माझं मराठी लिहिणं खराब आहे, हसू नको. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि इंग्लिश लेटर तू दुसऱ्या कोणाकडून वाचून घेणार, म्हणून मराठीत लिहितो. वैजयंतीबाई नर्स आहे, ती हे पोस्ट करेल. पापाला माहीत नाही.

काल पापा सिनेगॉगला गेला तेव्हा मी खाली गेलो. खूप वेळ लागला, जिन्यावर बसत बसत गेलो. झाड मेला आहे. मी नखाने खोड खरवडून बघितलं, आत हिरवं काही नाही. कुंडीच्या मातीवर पांढरी साय होती. मी बोटाला लावून चाटली. मीठ आहे. रामबुतानला मीठ म्हणजे पॉयझन, मुळं जळतात. नळाचं पाणी पण मी त्याला कधी दिलं नाही.

कोणी सांगितलं असेल मला माहीत नाही. पापाने चांगल्यासाठीच केलं असणार. मी रागावलो नाही. थोडा रागावलो, मग वरती येऊन रडलो, मग तो आला आणि मला म्हणाला की पालवी मोठी होते आहे. मी म्हणालो, फार छान.

आत्या, त्याला कधी कळू नये की त्याच्या हाताने झालं. मी राहणार नाही, तेव्हा तो एकटा या घरात हेच विचार करत बसेल. तो आणखी मीठ घालेल अशी मला भीती वाटते, आणि मग कोणीतरी येऊन त्याला खरं सांगेल. तो फक्त तुझं ऐकतो. आजोबा माडाला मीठ घालायचे ही गोष्ट पापा नेहमी सांगतो, तर तू लिही की ते एकदाच घालायचे, आता बास. आणि थंडीने गेलं असं लिही. पाणी घालू दे त्याला. त्याने त्याला बरं वाटतं.

मला आता दुखत नाही, औषध स्ट्राँग आहे. तुझ्या पोह्याची आठवण येते.

खूप प्रेम,
तुझा जेरेमी


मँचेस्टर
१७ फेब्रुवारी २००५

चि. एफ्राईमास,
शालोम व अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून उत्तर लिहायला बसत होते आणि उठत होते. आज लिहितेच.

मीठ आता अजिबात घालू नकोस. बाबा एकदाच घालायचे, पुन्हा नाही, हे मी सांगायला विसरले होते. पण त्याने काही बिघडलं नाही. झाड थंडीने गेलं. माझ्या शेजारणीचीही कितीतरी झाडं गेली. तुझा काही दोष नाही, हे मी तुझी मोठी बहीण म्हणून सांगते आहे आणि तुला ऐकावं लागेल. पाणी घालत राहा. पावसाचंच घाल, पोराने सांगितलंय तसं.

मी रविवारच्या गाडीने येते. पोहे भिजवून मीच करीन, नारळही घेऊन येते. नवस वगैरे काही नाही, नुसते त्याला आवडतात म्हणून.

मोठ्या बहिणीवरची माया कमी करू नकोस, काहीही झालं तरी.

आणि जेरेमी झाडाचं विचारेल तेव्हा पालवी आलीय असंच सांगत जा. त्याला तुझं खरं वाटतं.

तुझी,
सिमाताई