जाळीतलं सूत

सोलापूर,
१९ जानेवारी १९७९

प्रिय धुळाप्पा,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू ओळखलं असशील, आणि फाडायला हातही गेला असेल. फाड, पण वाचून फाड. सहा वर्षांत मी तुला ना एक कार्ड टाकलं, ना जेऊरला येऊन तुझ्या दारात उभा राहिलो. आता लिहितोय ते तुझ्या त्या लँडमास्टर गाडीबद्दल. वडाळ्याच्या अलीकडं ती का बंद पडली, ते मला कळलंय. तुझी केराबाई गेली त्यात हात कुणाचा, तेही कळलंय. ते तुला सांगितल्याशिवाय आता घास उतरत नाही.

गाडी परत माझ्याकडं आली आहे, लेका. कुंभारीच्या महादेवप्पांना तू ती जाम इंजिनासकट देऊन टाकलीस, आणि त्यांनी ती पाच वर्षं कडब्याच्या छपरात उभी केली. गेल्या श्रावणात त्यांना काय हुक्की आली कोण जाणे, बैल जुंपून ओढत आणली आणि म्हणाले, पंचाक्षरी, हिला जिवंत कर. हिरवा रंग पार उडालाय, मागच्या सीटवर कोंबड्या बसत होत्या. त्या सीटकडं बघायची माझी छाती झाली नाही. तुझ्या काशम्मावहिनीनं आधी तिच्यावर पोतं टाकलं, मग मी दार उघडलं.

तुला आठवत असेल, त्र्याहत्तरच्या संक्रांतीला हेच इंजिन मी खोललं होतं. दुष्काळानं सगळ्यांचं कंबरडं मोडलेलं, आणि गड्ड्याच्या जत्रेत चार भाडी मिळतील म्हणून तू माझ्या डोक्यावर बसला होतास. बेरिंगा बदल, पण उद्याच्या उद्या गाडी दे. मी तरी कुठला शहाणा! अंगात मस्ती, गॅरेजात तीन गाड्या, तोंडात शिव्या. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या पोटाखालची तेलाची परात, पुसायला उस्ताद नेहमी जुन्या धोतराचं फडकं घ्यायला लावायचे. चाँदसाहेब उस्तादांचं बोलणं अजून कानात आहे, ‘पेट में धागा नको छोड़ रे, पंचाक्षरी.’ पण फडकी धूत कोण बसणार? आपल्या सोलापुरात चादरीच्या मागावरचं वाया गेलेलं सूत पोत्यानं मिळतं, सगळी गॅरेजं त्यालाच हात पुसतात. मी त्यानंच चेंबर पुसला, नट आवळले, आणि तू जत्रेची भाडी मारायला गेलास.

पंधरा दिवसांत तू परत हजर. म्हणालास, लांबच्या भाड्याला पंधरा-वीस मैल गेलं की तेलाच्या दाबाचा काटा खाली बसतोय, गाडी उभी करून बिडी ओढली की परत जाग्यावर. मी तेल बघितलं, भरलेलं. जाड तेल घालून बघितलं. प्रेशरची स्प्रिंग काढून नवी बसवली. दुसऱ्या गाडीचं मीटर लावलं. गॅरेजात दर वेळी काटा पन्नासावर, शहाण्या पोरासारखा. तिसऱ्यांदा आलास तेव्हा माझं टाळकं फिरलं. आता फक्त चेंबर खोलायचा उरला होता. म्हणजे दिवसभर गाडीखाली पाठ घासायची, आणि वर माझंच काम मीच तपासायचं. ती लाज मला नको होती. मी म्हणालो, काटा खोटा हाय, त्येच्याकडं बघूच नको, तेल तेवढं बघत जा. तू मान डोलावलीस. माझ्यावर तुझा लई भरवसा.

मग चैत्र आला. पहिलं बाळंतपण म्हणून केराबाई वैरागला माहेरी होती. रक्त थांबेना तेव्हा सुईणीनं हात टेकले, आणि तू तिला मागं झोपवून सोलापूरच्या दवाखान्याकडं निघालास. काटा पडलेला तुला दिसला असणारच. एक बिडी ओढायला लागतो तेवढा वेळ थांबलं की तो वर येतो, हे तूच मला शिकवलं होतंस. पण मी सांगून बसलो होतो ना, काटा खोटा हाय. तू गाडी दामटलीस. वडाळ्याच्या अलीकडं इंजिनानं ठोके दिले आणि ते जामच झालं. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पोरगी सीटवरच झाली. बैलगाडी मिळेपर्यंत केराबाई संपली होती.

श्रावणात मी चेंबर खोलला तेव्हा हे सगळं डोळ्यांपुढं होतं. पंपाची तेल ओढायची नळी असते, तिच्या तोंडाला जाळी असते. त्या जाळीवर लाल-हिरव्या सुताचा थर होता, तुमच्या घोंगडीसारखा घट्ट बसलेला. गाडी धावत राहिली की तेलाबरोबर सूत ओढलं जायचं, जाळी बंद, बेरिंगा कोरड्या. गाडी थांबली की सूत सुटून तळाला जायचं आणि काटा वर. उभ्या गाडीवर मी जन्मभर मीटर लावत बसलो असतो तरी मला ते दिसलं नसतं. काटा खरं बोलत होता आणि तूही खरं बोलत होतास. मी तिथंच गाडीखाली पडल्या पडल्या रडलो. मग जाळी धुतली, क्रँक घासून आणला, नव्या बेरिंगा घातल्या, आणि चेंबर माझ्या स्वतःच्या धोतराच्या फडक्यानं पुसला. वैरागपर्यंत जाऊन आलो, काटा पन्नासावरून हलला नाही. येताना वडाळ्याच्या अलीकडं, जिथं ती बंद पडली होती त्या लिंबाखाली गाडी उभी केली, पण मला खाली उतरवेना.

इथपर्यंत वाचून तू म्हणशील, चूक झाली गड्या, कुणाच्याही हातून होते. तू तसलाच आहेस. पण पुढचं मी डोळे उघडे ठेवून केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ओढून न्यायला मी लॉरी घेऊन आलो, तेव्हा केराबाईचे दोघे भाऊ तिथं उभे होते आणि तू मातीत बसला होतास. ते म्हणाले, बघ आनि सांग, काय झालं. मी बॉनेट उघडून तेल बघायची पट्टी ओढली. तेल वरच्या खुणेपर्यंत होतं, धुळाप्पा. काळं झालेलं, पण भरलेलं. निघताना, तसल्या धांदलीतही, तू ते बघून निघाला होतास. मी पट्टी खिशातल्या सुतानं पुसली, माघारी खोचली, आणि भावांना म्हणालो, ह्येनं गाडीत तेलच घातलं न्हाय. थोरल्यानं तुझ्या थोबाडीत दिली. काट्याबद्दल मी काय सांगितलं होतं, ते तू तेव्हा बोलला असतास तर माझी खैर नव्हती. तू नुसतं माझ्याकडं बघितलंस आणि हळूच म्हणालास, इसरलो आसंन मी. त्या दिवसानंतर तू स्टेअरिंगला हात लावला नाहीस, आणि मी मात्र शेजारचा गाळा घेऊन गॅरेज वाढवलं.

श्रावणातच हे लिहायला हवं होतं. मी ते सूत डबीत घालून फळीवर ठेवलं आणि पाच महिने तिच्याकडं पाठ करून जेवलो. परवा तुझा चुलतभाऊ हरिबा गड्ड्याला आला होता, मेंढरांच्या घंट्या घ्यायला. मी भीत भीत विचारलं, म्हाळसा केवढी झाली? म्हणाला, साळंत जाती, लई धीट हाय. पहिल्याच दिवशी मास्तरांनी आईचं नाव विचारलं, तर सगळ्या पोरांपुढं उभी राहून म्हणाली, माज्या आईला माज्या बापानं मारलं, त्येनं गाडीत तेलच घातलं न्हाय. आणि तू म्हणे तिला अडवत नाहीस, मान खाली घालून व्हय म्हणतोस. अरे, तो शब्द न् शब्द माझा आहे! तिच्या आईला जाऊन एक दिवस झाला नव्हता तेव्हा त्या रस्त्यावर मी बोललो, आणि आज तो तुझ्या लेकीच्या तोंडात आहे. माफीसाठी हे पत्र नाही, ती मागायला मला तोंड नाही. सोबत ते सूत पाठवतोय. ते म्हाळसाच्या हातात दे आणि आजच्या आज तिला सांग, तेल वरच्या खुणेपर्यंत होतं, तुझ्या बापानं ते बघितलं होतं. येत्या सोमवारी मी वैरागला तिच्या मामांच्या दारात हेच सांगायला जातोय. तिथून धड परत आलो तर जेऊरला येईन. तू दार उघडू नकोस, मी उघड म्हणणारही नाही. बाहेर उभा राहून पोरीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगेन आणि जाईन.

लिहायचा हक्क उरला नाही, तरी तुझाच,
पंचाक्षरी