मेथीच्या वासाची वाईन

प्रिय मेधा,

काल खाली आपलं केलर, ती अडगळीची खोली, आवरताना सायकलच्या पंपामागे तुझी ती बुटकी बाटली सापडली. ज्युराच्या वाईनची. म्हणून आज लिहायला बसलोय. तू गेल्यापासून डायरी लिहितोच आहे, पण तुला उद्देशून एक ओळही लिहिली नव्हती. धीरच झाला नाही गं.

बोर्दो, शँपेन तुला नकोच असायचं. "तिथं सगळे जातात. मला जिथं कोणी जात नाही तिथं ने!" मग स्टुटगार्टहून शनिवारी पहाटे निघायचं, सीमा ओलांडून फ्रान्समध्ये, कधी साव्हॉयला, कधी ज्युराला. वाईन तू चाखायचीस, गाडी मी चालवायचो. परतताना माझ्यासाठी वर्णन सुरू. "ड्रायव्हरकाका, या माँदूझ द्राक्षात मिरी आहे, मिरी!"

आणि ज्युरातलं ते तळघर! साव्हान्यँ द्राक्षाची पिवळी वाईन. पिपात ती वर्षानुवर्षं आटत जाते, पण वरून भर घालत नाहीत. तिच्यावर सायीसारखा थर धरतो, तोच तिला राखतो, असं म्हातारा मालक सांगत होता. तू ग्लास नाकाशी नेलास आणि ओरडलीस, "अरे, मेथीचे लाडू!"

मी हसलो. "तुला घरची आठवण येतेय, बाकी काही नाही."

"मग एक घोट घेऊन बघ ना!"

"गाडी चालवायचीय."

"बरं. पुढच्या वेळी ट्रेननं येऊ. मग बघते कसा नाही म्हणतोस!"

पुढची वेळ कुठं दिलीस मला? नियम पाळला, त्यात माझं काय चुकलं? मग रोज टोचतं कशाला?

बाटली परत ठेवून देणार होतो. उघडली की तुझं तेवढंही संपेल, असं वाटलं. पण इरा ऐकेना. नेहमीसारखं जर्मनमध्येच म्हणाली, आईनं ती प्यायला आणली होती, जपायला नाही. मी बूच काढलं. तिनं वास घेतला आणि थबकली. मग चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, मेथीचे लाडू. आईचे."

तिला मी हे कधी सांगितलंच नव्हतं गं! मी घोट घेतला. मेथीच आहे, मेधा. कडवट, तुपात परतलेली. तुझंच खरं ठरलं, आणि ते तुझ्यापाशी कबूल करावं तर तू समोर नाहीस.

उरलेली वाईन फ्रीजमध्ये आहे. उघडल्यावरही ती कितीतरी आठवडे टिकते म्हणे. संपवायची घाई करणार नाही. द्राक्षतोडणीच्या दिवसांत इराला घेऊन त्या तळघरात जाईन. ट्रेननं. आणि परतताना प्रत्येक घोटाची चव तिला मोठ्यानं सांगत येईन, अगदी घर येईपर्यंत. नक्की.

तुझा ड्रायव्हर,
मंदार