जुन्या मापाच्या कपड्यांची वाटणी

लिहून ठेवणारी मी, कपडे शिवणाऱ्याची बायको, आता विधवा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार दुकानामागच्या खोलीत. मला अक्षर येत नाही, म्हणून मी बोलते आहे आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त कारकून लिहीत आहेत. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या सुनेचं मत वेगळं असेल तर तिने ते तोंडीच ठेवावं. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. उलट थोरला म्हणत होता, आई, कशाला आत्ताच हे. त्याला सांगितलं की नंतर मला सवड मिळणार नाही.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हे पहिलं आणि शेवटचं समजावं. कारकुनांनी अधूनमधून माझे शब्द गाळून पाहिले. मी परत वाचायला लावलं आणि ते पुन्हा घालून घेतले.

कलम एक. पुढचं दुकान आणि मागची खोली थोरल्या मुलाला. दुकान त्याने चालवावं किंवा भाड्याने द्यावं, त्याची मर्जी. तीन पानांचा उभा आरसा मात्र सुनेला. तो तिने जिथे हवा तिथे ठेवावा, फक्त तिन्ही पानं उघडी ठेवावीत. ती समोरून तासभर बघते आणि पाठीकडून कधीच बघत नाही. आपण निघून जाताना लोकांना आपली पाठच दिसत असते, हे मी तिला वीस वर्षं सांगते आहे. आता लेखी सांगते.

कलम दोन. दोन्ही शिलाई मशीन, इस्त्री, बटणांचे डबे हेही थोरल्याला. मोठी कात्री त्याला नाही. त्याने एकदा त्या कात्रीने विजेची तार कापली होती. त्याला वाटतं मी विसरले. ती कात्रीसुद्धा सुनेला. कापडाखेरीज तिने काही कापू नये, आणि नवऱ्याच्या हाती लागू देऊ नये.

कलम तीन. आमच्या ह्यांची मापांची वही. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. या रस्त्यावरच्या निम्म्या लोकांचे खांदे आणि कंबरा तिच्यात आहेत. पहिल्या पानावर मी आहे. लग्न झालं त्या आठवड्यात ह्यांनी माझं माप घेतलं, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पुढे सत्तावीस वर्षं माझे कपडे ते त्या पानावरून बेतत राहिले. मधे मला दोन मुलं झाली, अंग भरलं, खांदे रुंदावले. पान तेच. मला वाटायचं, कपडे असेच असतात, घातले की दम लागतो. जिना चढून आले की मी पायरीवर बसायची. डॉक्टरांनी हृदय तपासलं. हृदय ठणठणीत होतं.

मी दुकानात काजं-बटणं करायची. एकदा एका वकीलबाईंचा कोट हातात होता. बाही कशी पडते ते बघायला सहज अंगात घातला आणि फळीवरचा रिळांचा डबा काढायला हात वर केला, तर तो वर गेला. मी तशीच उभी राहिले. माझा हात इतका वर जातो हे मला ठाऊकच नव्हतं.

मला टेपवरचे आकडे वाचता येत नाहीत. मी एक नाडी घेतली, छातीभोवती गुंडाळून गाठ मारली, मग माझा झगा टेबलावर पसरला आणि नाडी त्याच्यावर धरली. झगा चार बोटं कमी. नाडी आणि झगा दोन्ही ह्यांच्यापुढे ठेवले. ह्यांनी वही उघडली, पान पाहिलं, आणि म्हणाले, "वहीत तर बरोबर आहे."

त्यावर मी जे बोलले ते कारकुनांनी लिहू नये.

मग दुकान उघडं असताना, बाकावर दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना, ह्यांनी माझं माप पुन्हा घेतलं. मी विचारलं, इतकी वर्षं का नाही घेतलं? खाली बघून म्हणाले, "नवीन लिहायचं म्हणजे जुनं खोडावं लागलं असतं." माणूस वाईट नव्हता. कापड बेतताना ह्यांना ती एकोणीस वर्षांची मुलगी दिसायची, आणि ते घालावं मला लागायचं. जुनं माप ह्यांनी अखेरपर्यंत खोडलं नाही, नवीन शेजारी लिहिलं. वही थोरल्याने जपावी, आणि ते पान आहे तसं राहू द्यावं.

कलम चार. माझे कपडे. सेहेचाळिसाव्या वर्षी मी कपडे घालायला शिकले. कोणाकडे शिकायला गेले नाही. दुकानात येणाऱ्यांकडे बघत बसले. जी बाई उभी राहिली की सदरा सारखा खाली ओढते तिचा खांदा चुकलेला असतो. जो माणूस कोटाची बटणं लावत नाही त्याला ती लागत नसतात. रंग दुकानातल्या दिव्याखाली बघायचा नाही, दारात नेऊन गळ्याशी धरायचा. चेहरा उजळला तर घ्यायचा, नुसतं कापडच उठून दिसलं तर परत ठेवायचं. नवीन कपडा घालून बसायचं, वाकायचं, हात वर करायचा. मग आरसा.

त्या वर्षी मी गडद हिरव्या रंगाचा लांब कोट करून घेतला. ह्यांनी बेतला, काजं मी केली. पुढे सून आली तेव्हा म्हणाली होती, या वयात हिरवा? तो कोट मी सुनेलाच ठेवते आहे. ज्या वयात मी तो करून घेतला ते वय तिचंही आता झालं आहे. लांबी दोन बोटं कमी करावी लागेल. बाकीचे कपडे ज्यांना मापाने होतील त्यांना द्यावेत, पण घालून बघितल्याशिवाय कोणी घेऊ नयेत.

मला निरोप द्याल तेव्हा पांढऱ्या कॉलरचा करडा झगा घालावा. सगळी बटणं लावावीत. घाई असली तरी.

कलम पाच. खाटेखालची पत्र्याची ट्रंक. हे कलम लिहिताना कारकून म्हणाले, आजी, थोडं थांबायचं का. मी नाही म्हटलं.

ट्रंकेत माझ्या धाकट्या लेकीचे कपडे आहेत. लेक अकरा वर्षांपूर्वी गेली. तिची मुलगी, म्हणजे माझी नात, तेव्हा पंधरा वर्षांची होती. तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. आता सव्वीस वर्षांची आहे, पूल बांधणाऱ्या कचेरीत नकाशे काढते, आणि येत्या एक तारखेला दुसऱ्या शहरातल्या कचेरीत वरच्या जागेवर जाणार आहे. हाताखाली नऊ माणसं असतील.

या दहा वर्षांत नातीने आईचेच कपडे घातले. निळा कोट, तपकिरी कोट, बारीक रेघांचे सदरे. लोक म्हणतात, किती गुणी, आईची आठवण जपते. कचेरीतले म्हणतात, हुशार आहे पण भिडस्त आहे, खांदे पाडून चालते, भिंतीवरचा नकाशा दाखवताना हात अर्ध्यावरच थांबतो. ती भिडस्त मुळीच नाही. घरात माझ्याशी भांडते तेव्हा बघा. कोटाचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती जागा, तिला काखेत काचतो. आई अंगाने बारीक होती. ही खांद्यात तीन बोटं रुंद आहे, आजोबांवर गेली आहे. कचेरीतल्या लोकांना हे कळणार नाही, पण मला पहिल्या दिवसापासून कळत होतं.

आता जे सांगते ते कबुली म्हणून लिहावं. ट्रंक नातीने उघडली नव्हती. ती मी उघडली. ती सोळा वर्षांची असताना निळा कोट मीच बाहेर काढला आणि म्हटलं, घालून बघ. ती घालून दाराकडे गेली, आणि पाठीमागून मला वाटलं, माझी लेकच चालली आहे. त्या पाठीसाठी मी एकेक करून सगळे कपडे बाहेर काढले. बटणं बदलली, अस्तर बदललं, रफू केलं. खांदा मात्र सैल केला नाही. खांदा उसवून मोकळा करायला मला एक दुपार पुरली असती. पण तो मोकळा केला असता तर पाठ तिच्या आईची राहिली नसती, म्हणून दहा वर्षं हात लावला नाही. नवऱ्याला जे बोलले होते ते सगळं मला लागू आहे, आणि मला तर वहीचीही सबब नाही. ही मुलगी रोज डोळ्यांसमोर होती.

म्हणून ट्रंकेतले कपडे मी नातीला ठेवत नाही. ते माझ्या पश्चात ज्यांना मापाने होतील अशा परक्या मुलींना द्यावेत. घरात एकही ठेवू नये. पोस्टातली शिल्लक सगळी नातीला. तिने त्या पैशांतून आधी कपडे करावेत, आणि तेही मी असतानाच, एक तारखेच्या आत.

हे कलम बुधवारी लिहून झालं. कारकून मला ते मोठ्याने वाचून दाखवत होते, आणि नात कचेरीतून आली ती दारातच थांबली. किती वेळ थांबली होती कोण जाणे. अंगात निळा कोटच होता. कारकुनांनी कागद पालथा घातला. मी म्हटलं, राहू दे, ऐकलंय तिने.

ती म्हणाली, "मला माहीत होतं आजी. मी दारातून वळले की तू आधी आईचं नाव घ्यायचीस. मग माझं."

मी विचारलं, "मग घालत का राहिलीस?"

"तेवढं तुला बरं वाटायचं." मग म्हणाली, "काखेत वळ उठतात ग."

तिने कोट काढून खुर्चीवर टाकला. मी सुनेला हाक मारली. माझ्या डोळ्यांना आता टेपच्या रेघाही दिसत नाहीत, म्हणून माप सुनेने घेतलं, कारकून भिंतीकडे तोंड करून बसले. आकडे सून मोठ्याने सांगत होती आणि नात स्वतः लिहून घेत होती. खांद्याचा आकडा ऐकून सून म्हणाली, बाप रे, हिचा खांदा की दरवाजा. नात खूप दिवसांनी तशी हसली. मी रडले, असं कारकुनांना वाटलं. त्यांनी तसं लिहिलं होतं, ते खोडायला लावलं आहे.

कलम सहा, आज शनिवारी वाढवलेलं. काल नातीने एकटीने जाऊन कोटाचं कापड आणलं. मला बरोबर नेलं नाही. कापड हळदी रंगाचं आहे आणि त्याच्यावर जांभळ्या मोठाल्या चौकटी आहेत. दुकानदाराने तिला दोनदा विचारलं म्हणे, पडद्यांसाठी का? मी ते दारात नेऊन तिच्या गळ्याशी धरलं. चेहरा उजळला की कापडच उठून दिसलं, हे मला ठरवता आलं नाही. मी तिला बाटलीसारखा हिरवा सुचवला, मग राखाडी, मग साधा निळा. प्रत्येकाला ती नाही म्हणाली, आणि ते म्हणताना खांदे पाडले नाहीत.

तरी या कापडाला माझी हरकत आहे, आणि तशी नोंद या मृत्युपत्रात राहावी. कोट शिवून होईपर्यंत मी आहे तर रोज बोलेन, तो माझा हक्क आहे. मी नसले तर माझ्या वतीने कोणीही एक शब्द बोलू नये. थोरल्याने नाही, सुनेने नाही. आणि माझी ही हरकत मुळीच ग्राह्य धरू नये.

वरील सर्व मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. तो मी बोलले तसाच आहे, एक-दोन ठिकाणी कारकुनांनी सभ्य केला आहे, तेवढं चालेल. खाली माझ्या डाव्या हाताचा अंगठा.

(अंगठा)

लिहिणार: निवृत्त कारकून, वरचा मजला. (सही)

साक्षीदार एक: समोरचे बूट दुरुस्त करणारे. मजकूर ऐकला. कापड पाहिलं. (सही)

साक्षीदार दोन: सकाळी औषध द्यायला येणाऱ्या नर्सबाई. मजकूर ऐकला. कापड पाहिलं, आवडलं. आजींनी ते शेवटचं खोडायला सांगितलं होतं. नातीने खोडू दिलं नाही. (सही)

स्थळ: दुकानामागची खोली.
दिनांक: एकोणीस ऑक्टोबर दोन हजार एकोणीस, शनिवार.