बसल्यावर रुतणार नाही असं होल्स्टर

केल्सो फोर्क, मिझुरी
९ सप्टेंबर

प्रिय ओलीटा,

तुझं पत्र परवा मिळालं. ॲरिझोनाच्या उन्हात तुझे सांधे मोकळे झाले आणि गस पुन्हा काठीशिवाय फिरायला लागला, हे वाचून नेडीनला आणि मला दोघांनाही बरं वाटलं. आमचं इकडे ठीक आहे. टोमॅटो यंदा इतके आलेत की आमची गाडी दिसली की शेजारी दार लावून घेतात. नेडीन सकाळभर बरण्या भरते आणि संध्याकाळी चर्चच्या पियानोचा सराव करते. तुझ्या वहिनीचे हात अजून विशीतल्या मुलीसारखे चालतात.

एक नवीन काम अंगावर घेतलंय, ते तुला सांगायचं होतं. पलीकडच्या जिल्ह्यात एका चर्चमध्ये भर प्रार्थनेत एक माणूस बंदूक घेऊन शिरला, ते तू वाचलंच असशील. त्यानंतर आमच्याकडे सगळे धास्तावलेत. गाणं चालू असताना दार करकरलं तरी माना वळतात. शेवटी आमचे पाद्री ब्रदर हॅस्केल यांनी आम्हा काही जणांना जेवणाच्या हॉलमध्ये बोलावलं. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांनी दर रविवारी पिस्तूल बाळगायचं, पण शर्टाखाली, कुणाला दिसू न देता. म्हाताऱ्या बायका आणि मुलं बिचकायला नकोत. मला त्यांनी मागच्या बाकावर, दाराजवळ बसवलं. म्हणाले, "व्हर्लिन, तुमचं सगळं आयुष्य विजेच्या खांबांवर गेलं. तुमच्या हातावर माझा भरवसा आहे."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला काही कारण नव्हतं.

आता माझी खरी अडचण ऐक आणि हसू नकोस. पिस्तूल माझं जुनंच आहे, छोटं. पण ते दिवसभर अंगावर वागवायचं कसं? डॅडी ट्रकच्या खणात ठेवायचे आणि विसरून जायचे, तसं नाही हे. आधी मी पिस्तूल आत बसवायचं कडक प्लास्टिकचं होल्स्टर आणलं, पँटच्या आत उजव्या बाजूला खोचायचं. उभा असलो की काही कळत नाही. बाकावर बसलो की पिस्तुलाची मूठ बरगडीत आणि खालचं टोक मांडीत. प्रवचन संपेपर्यंत मी इतक्या वेळा कूस बदलली की पुढून वळून मिसेस पर्डीनी मला पोटाचं औषध देऊ केलं.

मग कुणीतरी सांगितलं, पुढे लाव, पोटाशी. माझं पोट तुला माहीत आहे. बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि तसाच सरळ झालो. नंतर खांद्यावरून पट्टा घालायचं आणलं. त्यावर कोट लागतो, आणि सप्टेंबरात कोट घालून बसलं की लपवायचं तेच सगळ्यांना दिसतं. घोट्याला बांधायचं नेडीनने एकदाच पाहिलं आणि म्हणाली, पायात काटा रुतलेल्या कोंबडीसारखा चालतोयस. आमच्या गटातल्या प्रत्येकाच्या घरी म्हणे नको झालेल्या होल्स्टरांनी भरलेलं एक खोकं असतं. माझंही भरत आलंय.

ते बाहेर काढायलाही सवय लागते. शर्ट उचला, मूठ धरा, सरळ वर ओढा. मला जरा वेळ लागतो. कधी शर्टच हातात येतो. होल्स्टर चांगलं मिळालं की होईल.

गसला नमस्कार सांग. घाईत लिहिलंय, अक्षर बारीक आलंय, सांभाळून घे.

तुझा,
व्हर्लिन


२ ऑक्टोबर

प्रिय ओलीटा,

टाइप केलेलं पत्र बघून नाक मुरडू नकोस. चर्चच्या ऑफिसातलं मशीन मोकळं होतं, म्हटलं वापरून बघू. तू विचारलंस की माझं अक्षर ओळीच्या शेवटी मुंगीएवढं का होत गेलं. पेन बरं नव्हतं, आणि गुडघ्यावर पॅड घेऊन लिहीत होतो. डॅडींच्या शेवटच्या वर्षांतल्या चिठ्ठ्या तुला का आठवल्या ते मला समजलं नाही. ते ऐंशीच्या घरात होते. मी सदुसष्ट वर्षांचा आहे.

आता होल्स्टरचं. एक मिळालं. चामड्याचं आहे, पँटच्या आत, कमरेच्या जरा मागे, किंचित पुढे कललेलं. आधी नवीन जोड्यासारखं कडक होतं, आणि शांत प्रार्थनेत कुईकुई वाजायचं. ते घालून मी रोज अंगणात गवत कापलं, ट्रक चालवला, दुपारची डुलकीसुद्धा काढली, तेव्हा कुठे ते माझ्या कमरेचं झालं. पट्टा जाड घेतला, पँट एक माप मोठी. आता बसलो तरी रुतत नाही. दुकानदार म्हणाला होता की होल्स्टर चांगलं असेल तर ते घातलंय हेच माणूस विसरतो. मी अजून विसरत नाही. पण दुखत नाही.

त्याला वरून एक छोटा चामडी बंद आहे, बटणाचा. अंगठ्याने बटण सोडल्याशिवाय पिस्तूल बाहेर येत नाही. यावरून लॉनी टॅकेट आणि माझी बाचाबाची झाली. लॉनी तुला आठवतो, माझ्याबरोबर विजेच्या लाइनवर कामाला होता, आता तोच आमच्या गटाला शिकवतो. आम्ही त्याच्या गोठ्यात रिकामं पिस्तूल घेऊन सराव करतो. तो म्हणाला, हा बंद आता कुणी वापरत नाही. ऐन वेळी बोटांना आणखी एक काम कशाला? मी म्हटलं, वाकलो आणि ते खाली पडलं तर? तो म्हणाला, घट्ट होल्स्टरातून पडत नाही. मी म्हटलं, मला बंद हवाय. आवाज जरा चढला माझा. नंतर आम्ही दोघंही त्याच्या गाईंबद्दल बोललो.

तुला म्हणून सांगतो. गेल्या महिन्यात, हे चामड्याचं घेण्याआधी, लॉनीच्या गोठ्यात प्लास्टिकच्या होल्स्टरातून पिस्तूल काढलं, पत्र्यावर काढलेल्या खुणेवर धरलं, आणि पुढचं टोक खुणेवर थांबेना. बारीक, सारखं हलत होतं. रिकामंच होतं. माझं बोटही ट्रिगरपासून दूर ठेवायचं असतं, ते मी ठेवलं होतं. निदान मला तसं वाटत होतं. ते ट्रिगरजवळ गेलेलं लॉनीने बघितलं. तो इतकंच म्हणाला, "झोप नीट होते ना रे?" मी म्हटलं, कॉफी जास्त झाली.

कॉफी मी सोडून दिलीय. तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

दाराजवळच्या त्या बाकावर बसलो की प्रवचनातलं काही कानात जात नाही. कोण आलं, हात कुठे आहेत, खिसा का फुगलाय, हेच. ज्यांना लहानपणापासून ओळखतो त्यांचेही हात बघत बसतो. नेडीन विचारते, आज ब्रदर हॅस्केल कशावर बोलले? मला सांगता येत नाही. मग ती माझ्याकडे बघत राहते, ते जास्त जड जातं.

तुझं पत्र आलं की बरं वाटतं. पण अक्षराचं पुन्हा काढू नकोस.

व्हर्लिन


१४ नोव्हेंबर

प्रिय ओलीटा,

हे हातानेच लिहितोय. दोन-तीन बैठका लागतील. वाचता नाही आलं तर गसकडून भिंग घे.

तू फोन केलास तेव्हा मी सगळं ठीक आहे म्हटलं. ठीक नव्हतं. त्याच्या आदल्या रविवारी जे झालं ते तुला सांगतो.

त्या दिवशी थंडी होती. पहिलं गाणं सुरू झालं होतं, नेडीन पियानोवर होती. दार उघडलं आणि एक तरुण आत आला. कधी पाहिलेला नव्हता. लांब, जाड कोट, छातीवर फुगलेला, आणि उजवा हात कोटाच्या आत. मागे बाक रिकामे असताना तो थांबला नाही. मधल्या वाटेने सरळ पुढे चालत निघाला. चेहरा घामेजलेला.

मी उठलो. लॉनी त्या दिवशी तापाने घरी होता. गटातले दुसरे दोघं पुढे होते, त्यांची पाठ होती. म्हणजे मीच. मी त्याला हाक मारायला हवी होती. आम्हाला तेच शिकवलं आहे, आधी बोला, वाटेत जा, हात पुढे करा. मी तोंड उघडलं नाही. शर्ट वर केला आणि मूठ धरली. शर्ट त्या दिवशी पहिल्या खेपेला वर आला, ओलीटा. मी मनाने ठरवून टाकलं होतं. तो कोटातून हात काढेल आणि मी गोळी घालेन.

आणि बटण सुटेना. अंगठा बटणावर होता, मी दाबत होतो, आणि अंगठा थरथरत बाजूला सरकत होता. पुन्हा ठेवला, पुन्हा सरकला. सगळा हात कोपरापासून हलत होता.

तेवढ्यात तो पुढच्या बाकाशी पोचला आणि त्याने कोट उघडला. आत छातीला बांधलेलं तान्हं मूल होतं. आतल्या हाताने तो त्याचं डोकं सावरत होता. मूल जागं झालं आणि त्याने टाहो फोडला. सगळं चर्च हसलं. मिसेस पर्डीनी त्याला सरकून जागा दिली.

मी शर्ट खाली केला आणि बसलो. कुणी पाहिलं नाही असं मला वाटलं. नेडीनने पियानोवरून पाहिलं होतं. तिने एकही सूर चुकवला नाही.

घरी जाताना ट्रक तिने चालवला. मग म्हणाली, "वसंत ऋतूपासून मी तुला टिचबटणांचे शर्ट आणतेय. तुला काय वाटलं, मला ते आवडतात म्हणून?"

मी म्हटलं, तू बोलली का नाहीस?

"तू बोलशील म्हणून थांबले होते. तुझ्या डॅडींना बटणांशी झगडताना मी पण पाहिलंय, व्हर्लिन."

मी त्या संध्याकाळी पिस्तूल आणि ते होल्स्टर लॉनीकडे नेऊन दिलं. त्याने दोन्ही घेतलं, आणि मला आत बसवून जेवायला घातलं. दुसऱ्या दिवशी ब्रदर हॅस्केलना सांगितलं की मला हे जमणार नाही, आणि का तेही सांगितलं. स्प्रिंगफील्डचा डॉक्टर तरुण आहे. त्याने मला चालायला लावलं, बोटं टेकवायला लावली, एक गोल काढायला लावला. कंपवातच आहे. डॅडींचाच आजार. तुला तो माझ्या पहिल्या पत्रातच दिसला होता, आणि मी तुझ्यावरच चिडलो. गोळ्या सुरू केल्यात. थोडा फरक आहे.

इथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं.

त्या तरुणाचं नाव कोल्बी टीग. चौकाजवळच्या गॅरेजमध्ये नवीन लागलाय. बायको दवाखान्यात होती, म्हणून बाळाला घेऊन एकटाच आला होता. एका कानाने कमी ऐकतो, म्हणून पुढे बसायला निघाला होता. नेडीनने त्याला पुढच्या रविवारी जेवायला बोलावलं. चिकन केलं, मक्याचा पाव केला. मुलगा इतक्या दिवसांनी घरचं जेवल्यासारखा जेवला. जाताना मला म्हणाला, "या गावात आम्ही कुणालाच ओळखत नाही, सर. तुमच्या चर्चमध्ये आलो तेव्हा पहिल्यांदा सुरक्षित वाटलं."

ब्रदर हॅस्केलनी मला बजावलं होतं की त्याला काही कळायची गरज नाही. काही घडलेलंच नाही, मग उगाच कशाला एका घराची झोप घालवायची. मला ते पटलंही होतं. पण तो पायरीवर उभा होता, बाळ खांद्यावर, आणि ते वाक्य बोलला, आणि मला तसंच त्याला जाऊ देता आलं नाही. मी त्याला सांगितलं. त्याच्या चांगल्या कानाशी उभा राहून, सगळं सांगितलं.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने फक्त विचारलं, "भरलेलं होतं?"

मी हो म्हटलं.

त्याने बाळाला कोटात घेतलं, वरपासून खालपर्यंत बटणं लावली आणि निघून गेला. त्यानंतर तो चर्चमध्ये आलेला नाही. गॅरेजवरून जाताना मी बघतो, तोही बघतो, आणि गाडीखाली सरकतो.

नेडीन म्हणते मी बरोबर केलं. ब्रदर हॅस्केल म्हणतात मी माझं ओझं त्या पोराच्या अंगावर टाकलं. मी दोघांचंही ऐकतो. दिवसा मला नेडीनचं पटतं. माझ्या हातून काही घडलं नाही, असं सगळे म्हणतात. पण मी घडवायला उठलो होतो, हे त्या दिवशी चर्चमध्ये मला एकट्याला माहीत होतं. आणि आता त्याला. कधीकधी वाटतं, हात धड असता तर? त्यापुढे मला विचार करवत नाही, ओलीटा. या आजाराबद्दल देवाचे आभार मानू की काय, हेही कळत नाही.

डॅडींचं शेवटी शेवटी कसं झालं ते तू मला कधी नीट सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. आता सगळं लिही, काही गाळू नकोस. कोल्बीकडे मी पुन्हा जावं की त्याला त्याचं त्याचं राहू द्यावं, तेही लिही. तू काय सांगशील त्याची मला भीती वाटते, तरी लिही.

फोन करू नकोस. फोनवर मी पुन्हा सगळं ठीक आहे असंच म्हणेन.

तुझा भाऊ,
व्हर्लिन