सालेकशाच्या सात्या आणि नाद्यावहिनी

प्रिय नाद्यावहिनी,

मीराचा पासपोर्ट आला. उन्हाळ्यात दादा, मी आणि ती, तिघं बेलारूसला तुझ्या आईकडे जातोय. काल पोरगी विचारत होती, "आत्या, तिथल्या जंगलात खेळता येईल?" मी नाही म्हटलं. पण का नाही, हे सांगायला तूच हवी होतीस. म्हणून आज तुला लिहायला बसले.

दादा तिकडून डॉक्टर होऊन आला, सोबत तू. आमच्या कुडवा गावच्या घरात सगळ्यांची नजर तुझ्या गळ्यावरच्या व्रणावर. तुमच्या सीमेपलीकडे चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली तेव्हा तू शाळकरी होतीस. काही वर्षांनी थायरॉइडचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, आता रोज सकाळी एक गोळी. एवढं तू इतक्या सहज सांगितलंस, जणू सर्दी-पडसंच.

आठवतं, श्रावणात आई सालेकशाच्या जंगलातून टोपलीभर सात्या घेऊन आली होती? वारुळापाशी उगवलेल्या त्या अळंब्या पाहून तू टोपलीच हिसकावलीस! आई थक्क. मग दादानं सांगितलं, की तुमचं गाव कधीचं रिकामं करून माणसं दुसरीकडे हलवलीत. त्या सगळ्या भागातल्या मातीत किरणोत्सर्ग मुरलाय, अळंब्या तो शोषून घेतात, इतक्या वर्षांनीही त्या खायची बंदी आहे.

आई तुझ्याजवळ बसली. "काऊन घाबरून राहिली, बेटा? आमचा जंगल बिमार नाही. पहिले मी खातो."

तू घाबरत एक खाल्लीस, मग कढई पुसून खाल्लीस. पुढच्या वर्षी तर आईच्या आधी वारूळ तुलाच दिसायचं.

मीरा पोटात असताना मात्र तुझं हसू गेलं. तिकडचं काही बाळात उतरलं तर? नागपूरच्या डॉक्टरांनी किती समजावलं, तपासण्याही चांगल्या आल्या, तरी तू रात्र-रात्र जागी. शेवटी मीरा आली ती दवाखाना दणाणून सोडत. नर्स म्हणाली, "फेफडे एकदम मजबूत हैं." टाके दुखत असतानाही तू हसत सुटलीस.

एक राग मात्र आहे. न दिसणाऱ्या विषापासून जन्मभर स्वतःला जपलंस, आणि मच्छरदाणी लाव म्हटलं की "गरम होतं" म्हणायचीस. मलेरियानं जायचं होतं का गं तुला?

असो. तुझ्या आईला भेटले, की मोडक्यातोडक्या रशियनमध्ये एक गोष्ट नक्की सांगेन: तुमची लेक आमच्याकडे पोटभर जेवली, पोटभर हसली.

तुझी लाडकी नणंद,
सुजाता