शून्यावर येणारी पद्धत

प्रिय आकाश,

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन करता येत नाही, कारण माझा मोबाईल सध्या तुझ्या बाबांच्या हातात असतो. व्हिडिओ बघतात. कसले, ते ऐकायला आधी बूड टेक. ब्लॅकजॅकमध्ये पत्ते कसे मोजायचे, त्याचे. होय, हेच ते शिवराम. तू पणजीच्या कॅसिनोत पत्ते वाटायची नोकरी धरलीस तेव्हा "हातात पुस्तक यावं म्हणून तीन पिढ्या खपल्या आणि याने पत्ते घेतले" म्हणाले, आणि दोन वर्षं तुझ्याशी अबोला धरून बसले. इथे हेंद्रेपाड्यात तू अजून 'हॉटेल लायनीत' आहेस, बरं का. विचारणाऱ्याला मी सांगते, "हो, टेबलं सांभाळतो." खोटं कुठे आहे?

सुरुवात मार्चमध्ये झाली. चहा ढवळता ढवळता म्हणाले, "यशोधरा, मोजून खेळलं तर तो जुगार नसतो. गणित असतं."

म्हटलं, "असेल. पण त्याचं आपण काय करायचं?"

तर खिडकीबाहेर बघत, "एकदा प्रत्यक्ष जाऊन तपासायला हवं."

आता पणजीला कॅसिनोच्या बोटी काय कमी आहेत? पण यांना तपासायची ती नेमकी तुझीच. 'पोराला बघावंसं वाटतं' एवढं म्हणायला या माणसाची जीभ वळत नाही, म्हणून बिचारा गणिताचं बोट धरून निघाला होता. त्याला टोकलं असतं तर तो परत आत जाऊन बसला असता.

पण अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं तपासनीस म्हणून काढलेला माणूस, पद्धत पारखल्याशिवाय थोडाच हलणार? वहीत पाच पद्धतींचा तक्ता झाला. त्यांचा जीव जडला सगळ्यात अवघड पद्धतीवर. तिच्यात प्रत्येक पत्त्याला वेगळा आकडा, एक्के वेगळे मोजायचे, आणि सराव किमान सहा महिने. सहा महिन्यांत तर हे उठलेलं मन परत आडवं होईल. मग मी सोप्या पद्धतीची वकिली सुरू केली. दुर्रीपासून छक्कीपर्यंत अधिक एक, सत्ती-अठ्ठी-नव्वी शून्य, दश्शी, चित्रं आणि एक्का वजा एक. पत्त्यांचा अख्खा कॅट संपला की बेरीज शून्य. झालं. वर मी म्हटलं, "अहो, ही तर भिमाताईंनाही जमेल." तिथे माझं चुकलं. बहिणीला जमेल ती पद्धत भाऊ घेतो होय? दोन दिवस वही उघडली नाही. शेवटी मीच म्हटलं, "एवढी सोपी आहे तर करून दाखवा." तेव्हा कुठे बसले.

आणि शून्य काही येईना! दर वेळी वजा चार. सकाळी वजा चार, जेवणानंतर वजा चार. आधी चष्म्यावर ठपका आला, नवीन केला. मग वयावर, तेव्हा रात्री बदाम भिजत पडले. आठव्या दिवशी पद्धतीवर. "सदोष आहे," म्हणाले, आणि तक्त्यात लाल पेनाने 'नापास' लिहिलं. मी तो कॅट उचलला आणि ओट्यावर रंग लावून मांडला. बघते तर एकही दुर्री नाही! तू इथे होतास तेव्हा उन्हाळ्यात आपण सहा जण मेंढीकोट मांडायचो ना? सहा जणांना पत्ते सारखे यावेत म्हणून दुर्र्या काढून टाकल्या होत्या. तोच हा कॅट. चार दुर्र्या कमी, म्हणून वजा चार. तपासनीसाने चष्मा तपासला, मेंदू तपासला, पद्धत तपासली, फक्त माल तपासायचा राहिला.

सांगितलं तर पत्ते ओढून घेतले आणि स्वतः एकदा रंग लावून बघितले. मग म्हणाले, "म्हणजे आठ दिवस मी बरोबरच मोजत होतो."

"तुमचं कधी चुकलंय?" म्हटलं. त्यांना ते कौतुक वाटलं. 'नापास' खोडलं गेलं.

दुसऱ्याच दिवशी मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जाऊन सहा नवे कॅट आणले, कारण टेबलावर सहा एकत्र पिसतात म्हणे. दुकानातला हितेश विचारतो, "आंटी, क्लब खोला क्या?" म्हटलं, "नहीं भाई, घर में एक विद्यार्थी है, साठ साल का." आता ते शेअर रिक्षात मोजतात, भाजीबाजारात मोजतात. परवा विहारात दाराशी बसून येणाऱ्यांच्या चपला मोजत होते, अंगठ्याची अधिक एक, बूट वजा एक. वंदना संपली तरी ओठ हलतायत. भिमाआत्या माझ्या कानात म्हणते, "वहिनी, दादा खरंच रमला गं धम्मात." मी डोळे मिटून घेतले.

तर आता मुद्दा. येत्या अठराच्या रात्रीची बस काढली आहे, दोघांची. पांढरा शर्ट आजच इस्त्री करून घेतलाय. आणि तुझ्या प्रीतीताईने चौकशी करून मला पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलं की तुमच्याकडे नोकरांच्या नातलगांना खेळायला बसू देत नाहीत. यांना दारातूनच परत पाठवतील. हे मी त्यांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. कळलं तर तिकीट रद्द करून, मान ताठ ठेवून इथेच बसतील, कारण तुझ्याकडे यायला त्यांच्यापाशी दुसरं निमित्त नाही. तूही काही कळवू नकोस. फक्त रजा टाक आणि एकोणीसला सकाळी सात वाजता पणजीच्या स्टँडवर उभा राहा. नियम त्यांना तूच सांग, पण त्यांच्या हातातली बॅग आपल्या हातात घेतल्यावर.

तुझीच, तोंड मिटून बसलेली (हे तुला खरं वाटणार नाही),
आई