दुधातली साय गेली कुठे

नुर्मेस, फिनलंड, सप्टेंबर अखेर

प्रिय लेम्पीताईस,

धाकट्या तौनोचा मनापासून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? तिकडे स्वीडनमध्ये पाऊस असेलच. इकडे तुझी भावजय हेल्वी रोज रानात जाऊन बादलीभर बेरीची फळं आणते आणि मी ती निवडतो. आम्ही दोघं मजेत आहोत. मी मजेत कसा राहिलो ते सांगायला हे पत्र. (चष्मा लाव, पत्र लांबणार आहे.)

मार्चमध्ये आरोग्य केंद्रात माझं रक्त तपासलं. वाईट कोलेस्टेरॉल निघालं चार पूर्णांक सहा. खरं सांगतो, मला आनंदच झाला. एकतीस वर्षं दुधाचा टँकर चालवलेल्या माणसाला चार पूर्णांक सहा म्हटलं की तेवढे टक्के साय देणारी, घट्ट दुधाची गुणी गाय आठवते. तिथली नर्स साटू (हायनोनेनांची धाकटी, त्यांच्या गोठ्यातून मी दिवसाआड दूध उचलायचो) म्हणाली, "तौनोकाका, हा आकडा गाईला शोभतो, तुम्हाला नाही. तीनच्या खाली आणा." मग तिने तुझे-माझे बाबा कितव्या वर्षी गेले ते विचारलं. एक्कावन्नाव्या, मी म्हणालो. तिचं टाइप करणं थांबलं. घरी हे सांगितलं, तर हेल्वी एवढंच म्हणाली, "सासऱ्यांना मी फोटोतच पाहिलंय. नातवंडांनीही तुला फोटोतच पाहायचं का?" आणि फ्रिजमधला सायीच्या दुधाचा लाल खोका उचलून शेजारी देऊन आली.

त्या जागी फिकट निळा खोका आला. शून्य टक्के साय. (तुमच्याकडे खोक्यांचे रंग वेगळे, पण दुःख तेच.) कॉफीत ओतलं तर कॉफी पांढरी होईना, राखाडी झाली. पण ताई, दुधातलं मला कोण शिकवणार? मी हिशेब मांडला. लाल खोक्यातल्या दुधात शंभर ग्रॅमला साडेतीन ग्रॅम स्निग्धांश, म्हणजे जेवताना पितो त्या एका पेल्यात सात. दिवसाला तीन पेले, एकवीस ग्रॅम. म्हणजे पाच छोटे चमचे लोणी मी रोज पीत होतो! मधला निळा खोका दीड टक्क्याचा; तो घेतला असता तरी निम्म्याहून जास्त वाचलं असतं. मी तर सगळंच वाचवलं. दुकानात लाल खोका उचलणाऱ्या अनोळखी माणसांनाही मी हे समजावून सांगू लागलो. (एक बाई आता दुसऱ्या दुकानात जाते, असं हेल्वी म्हणते.)

मे महिन्यात मी ताठ मानेने तपासणीला गेलो. आकडा आला चार पूर्णांक आठ.

मी साटूला म्हणालो, तुमचं यंत्र बिघडलंय. ती शांतपणे म्हणाली, "काल सकाळपासून काय काय खाल्लंत, सांगा." मी सांगू लागलो. राय धान्याच्या काळ्या पावाचे सहा तुकडे, त्यावर लोणी. (दुधात एवढं वाचवल्यावर लोणी जरा सढळ हाताने लावलं, तर काय बिघडलं?) भात भरलेल्या कारेलियन पेस्ट्री तीन, त्यावर अंडं आणि लोणी. मग चीज, कारण बिनसायीच्या दुधाने पोट भरत नाही. साटूने पेन खाली ठेवलं.

"काका, डेअरीत दुधातली साय काढतात, ती जाते कुठे?"

"लोण्यात," मी म्हणालो. "मीच तर दूध पोचवायचो."

"आणि ते लोणी कुठे जातं?"

ताई, एकतीस वर्षं मी त्या डेअरीच्या दारात टँकर लावला आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. मला हसू फुटलं, साटूलाही फुटलं, आणि बाहेर बाकावर बसलेली हेल्वी, आत काय झालं म्हणून दार उघडून बघायला आली.

उन्हाळाभर पावावर तेलाचं मऊ लोणी लावलं, सकाळी ओटची लापशी खाल्ली, चीज फक्त रविवारी. दूध मात्र साटूच्या परवानगीने मधल्या निळ्या खोक्यावर आणलं, कारण राखाडी कॉफी पिऊन माणूस जगतो, पण कशासाठी, ते त्याला कळत नाही. गेल्या मंगळवारी आकडा आला: दोन पूर्णांक नऊ. हेल्वीने फोनवर सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, जसं काही ते तिचंच रक्त होतं.

तुझा,
तौनो

ता. क. हेल्वीने पत्र वाचलं. पाच चमच्यांचा हिशेब तिचा होता, असं लिहायला लावते आहे. लिहिलं.

दुसरा ता. क. हेल्वी सौनात वाफ घ्यायला गेली आहे, म्हणून आता मुद्द्याचं. साटू म्हणाली, हे रक्तातूनही येतं, भावंडांनीही तपासून घ्यावं. बाबा दोघांचेही होते. तू बहात्तर वर्षांची आहेस आणि सुईला भितेस, हे मला ठाऊक आहे. एवढं लांबलचक लिहिलं ते ही एक ओळ लिहायचा धीर येईना म्हणून. सोमवारी जाऊन ये, ताई. आकडा जास्त आला तर लगेच फोन कर, मी पुढच्याच बोटीने येतो. माझ्यापेक्षा कमी आला, तर मात्र कळवायची काही घाई नाही.